गोठ्यातील वैद्यक : पाला, पोथी आणि लस



या व्याख्यानमालेसाठी आम्हांस विषय सुचविण्यात आला तो असा : चिनी वनौषधींनी पाळीव प्राण्यांवर उपचार. विषय ऐकताच आमचे एक शेतकरी स्नेही म्हणाले, "वडनेरात चीन कुठून आणला जी?" प्रश्न रास्त होता. वडनेर हे हिंगणघाटच्या दक्षिणेस, नागपुराहून हैदराबादेकडे जाणाऱ्या हमरस्त्यावरचे गाव. भोवती काळी जमीन, पऱ्हाटी, तूर आणि सोयाबीन. येथे पाळीव प्राणी म्हटले की मांडीवर बसणारे मांजर डोळ्यांपुढे येत नाही. दावणीचा बैल आणि कोठ्यातली गाय येते. म्हणून आम्ही ठरविले, की चीनला नमस्कार करून निघावे, आपल्या कोठ्यात यावे आणि शेवटी पुन्हा एकदा चीनकडे वळून पाहावे. कारण या दोन वाटा एकमेकींशेजारी ठेवल्या म्हणजे आपले काय हरवले ते नीट दिसते.

चिनी परंपरेतील 'चौ-ली' या प्राचीन ग्रंथात राजसेवकांच्या यादीत पशुवैद्याची स्वतंत्र नेमणूक सांगितली आहे. 1608 साली यू आडनावाच्या दोघा भावांनी अश्वचिकित्सेवर ग्रंथ लिहिला. पुढे त्याला बैलाचे आणि उंटाचे भाग जोडले गेले आणि तो शेकडो वर्षे पशुवैद्यांच्या हाती राहिला. 1956 साली तेथील सरकारने गावोगावच्या परंपरागत पशुवैद्यांना एकत्र आणून त्यांचे ज्ञान नोंदविण्याचे व शिकविण्याचे धोरण घेतले, आणि ते ज्ञान पशुवैद्यकाच्या विद्यालयांत अभ्यासविषय बनले. पुढल्या काळात ते समुद्रापार गेले. 1974 साली अमेरिकेत पशूंच्या सूचिचिकित्सेसाठी आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन झाली आणि सुयांच्या मागोमाग पुड्या व गोळ्याही गेल्या. घोड्याबैलांसाठी जन्मलेले हे वैद्यक तेथे कुत्र्यामांजरांच्या दवाखान्यात स्थिरावले. त्या गोळ्यांत असते काय? आले, ज्येष्ठमध यांसारखी आपल्या घरी ओळखीची द्रव्ये पुष्कळदा असतात. त्यांपैकी किती औषधे कडक कसोटीस उतरली, हे विचाराल तर उत्तर आहे : थोडी. तथापि ती लिहिली गेली, म्हणून त्यांची कसोटी तरी घेता येते. जे लिहिलेच नाही त्याला सिद्धही करता येत नाही आणि खोडूनही काढता येत नाही.

मग आपल्याकडे काही लिहिलेच नव्हते काय? तसे मुळीच नाही. अशोकाच्या दुसऱ्या शिलाशासनात माणसांची चिकित्सा आणि पशूंची चिकित्सा अशा दोन्ही चिकित्सा जोडीने सांगितल्या आहेत. दोघांना उपयोगी पडतील अशा वनस्पती जेथे नाहीत तेथे आणून लावविल्या, वाटेवर विहिरी खणविल्या, झाडे लावविली, असे तो राजा सांगतो. औषधाच्या पुडीआधी औषधाचे झाड लावणारा हा राजा होता, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

हत्तींच्या रोगांवर पालकाप्याच्या नावाने चालत आलेला हस्त्यायुर्वेद हा प्रचंड ग्रंथ आहे. अंगदेशाचा राजा रोमपाद प्रश्न विचारतो आणि मुनी उत्तरे देतो, अशी त्याची मांडणी. महारोग, क्षुद्ररोग, शल्य आणि उत्तर अशी त्याची चार स्थाने. हा ग्रंथ 1894 साली पुण्याच्या आनंदाश्रमाने छापून काढला, ही महाराष्ट्राने अभिमान बाळगावा अशी गोष्ट आहे. घोड्यांसाठी शालिहोत्राची परंपरा होती. तिच्याच नावावरून घोड्यांच्या वैद्याला सालोत्री म्हणू लागले. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील मानसोल्लासात हत्ती-घोड्यांची निगा आहे आणि शिकारी कुत्र्यांनाही स्वतंत्र स्थान आहे.

परंतु या साऱ्या वैभवात एक गोष्ट खटकते. हत्ती राजाचा, घोडा सरदाराचा, कुत्रा शिकारखान्याचा. ज्याच्या खांद्यावर सारे राज्य चालले त्या बैलासाठी एवढी मोठी पोथी कोणी लिहिली नाही. बैलाची आठवण ठेवली ती कौटिल्याने, तीही वैद्य म्हणून नव्हे, हिशेबी कारभारी म्हणून. उपचारात वा औषधात चूक होऊन घोड्याचा रोग बळावला तर वैद्याला उपचाराच्या खर्चाच्या दुप्पट दंड, आणि घोडा दगावला तर त्याच्या किमतीएवढा दंड, असे अर्थशास्त्र सांगते. आणि हाच नियम गाई, म्हशी, गाढवे, उंट, शेळ्यामेंढ्या यांनाही लावते. औषध दिले म्हणजे औषधाचा जाबही द्यावा लागतो, हे तत्त्व दोन हजार वर्षांपूर्वीच्या या नियमात आहे. आजच्या आमच्या बोलण्याचा कणाच तो आहे.

आता कोठ्यात येऊ. वर्धा जिल्ह्याला गुरांचा इतिहास आहे. आर्वी, आष्टी, कारंजा या भागांतील गवळाऊ जात ही या जिल्ह्याची कीर्ती : पांढरी, हलक्या हाडाची, पायाला चपळ. मराठ्यांच्या फौजांच्या वाहतुकीला हे बैल वापरले जात असे जुने लेखक सांगतात. शंकरपटात त्यांचे तेज आम्ही आपण पाहिले आहे. एवढी गुरे ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली त्यांच्यापाशी वैद्यक नसते तर ती टिकलीच नसती. ते वैद्यक म्हाताऱ्यांच्या ध्यानात, बायकांच्या डब्यांत आणि गायक्याच्या कमरेच्या पिशवीत होते.

पोट फुगले की जवसाचे तेल बांबूच्या नळीने पाजीत. जवस आपल्या काळ्या मातीतले पीक, तेल घरचे. कोवळा ओला चारा अधिक खाल्ल्याने पोटात फेस धरतो. तेल त्या फेसाचे बुडबुडे मोडते आणि वायू मोकळा होतो. आजचा पशुवैद्यही फेसाच्या पोटफुगीवर तेल देतोच. मात्र नळी घालताना बैलाची जीभ ओढून मान फार वर केली तर तेल श्वासनळीत उतरते आणि पोटासाठी दिलेले औषध फुप्फुसाचा घात करते. जाणता म्हातारा मान किती उचलायची ते हाताने दाखवीत असे. औषधाचे नाव पुष्कळांच्या कानी पडले. हाताची ती खूण मात्र म्हाताऱ्याबरोबर गेली.

जंतांवर पळसपापडी ताकातून देत. जखमेवर हळद नि तेल. जखमेत अळ्या पडल्या तर सीताफळाच्या पाल्याचा लगदा. पण सीताफळाच्या बियांची पूड डोळ्याच्या आसपास जाऊ द्यायची नाही, कारण डोळ्याला ती भयंकर इजा करते. गोचीड आणि खरूज यांवर करंजाचे तेल. हगवणीवर कुड्याची किंवा बाभळीची साल. मोडलेल्या पायाला कांडवेलीचा लेप आणि बांबूच्या कामट्या. दुष्काळी पावसात खुरटलेल्या कोवळ्या ज्वारीत गुरे शिरू द्यायची नाहीत, कारण तिच्यात विष असते. हे तर औषधाहूनही मोठे ज्ञान. रसायनशास्त्राने त्या विषाचे नाव पुढे शोधले. आमच्या शेतकऱ्याने त्या धुऱ्यावर माणूस बसवून ठेवला.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण बैलाची खांद शेकतो ते पाहा. जूं वाहून सोललेल्या खांद्याला तूप आणि हळद, तीही पळसाच्या पानाने. दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचे आमंत्रण त्याच वेळी त्याच्या कानात सांगायचे. पोळ्यानंतर दारात पळसाच्या मेढी लावतात आणि मारबतीबरोबर गावची रोगराई वेशीबाहेर घालवितात. सण म्हणा, संस्कार म्हणा, वैद्यक म्हणा; श्रावणाच्या अखेरीस, मशागतीचा ताण सरताना, गावातील प्रत्येक बैलाच्या खांद्यावर वर्षातून एकदा तरी मालकाचा हात फिरलाच पाहिजे, अशी ही व्यवस्था होती. हात फिरला म्हणजे गाठ कळते, सूज कळते, बैलाच्या डोळ्यातले पाणी कळते. निम्मे पशुवैद्यक तेथेच झाले.

येथवर ऐकून कोणी म्हणेल, मग लस नि इंजेक्शन कशाला? यावर आम्ही घरची एक गोष्ट सांगतो. आमच्या लहानपणी पहिल्या पावसाच्या सुमारास कोठ्यातला एक बैल चारा टाकून उभा राहिला. अंगात ताप, गळ्याखाली सूज, श्वासाची घरघर. घरच्यांनी सुंठ, ओवा, मिरे यांचा काढा केला. रात्री पुन्हा काढा. सकाळी कोणीतरी गळ्यावर डागणीही दिली. लशीचा दिवस उन्हाळ्यातच येऊन गेला होता; त्या दिवशी लग्नाच्या वऱ्हाडात गाडी गेली होती, बैल गाडीला जुंपलेले होते. दुसऱ्या दिवशी दुपारी बैल पडला. उरलेला जोडीदार त्याच्या रिकाम्या दाव्याकडे मान वळवून उभा होता. गावचे म्हातारे गायकी आले, पडलेल्या बैलाच्या गळ्याला हात लावला आणि एवढेच बोलले, "हे पाल्याचं दुखणं नोहे बाप्पा. हे घटसर्प होतं. आधीच टोचाले पायजे होतं."

आम्ही पुढे पुष्कळ ग्रंथ पाहिले. पण झाडपाल्याच्या वैद्यकाविषयी याहून शहाणे वाक्य आमच्या पाहण्यात नाही. त्या म्हाताऱ्याला पाल्याचे नाव जेवढे ठाऊक होते तेवढीच पाल्याची हद्दही ठाऊक होती. पोटफुगी, जंत, जखम, खरूज हे पाल्याचे गाव. घटसर्प, फऱ्या, फाशी, बुळकांडी ही त्या वेशीबाहेरची संकटे.

बुळकांडीचा इतिहास तर साऱ्या जगाने धडा घ्यावा असा आहे. या रोगाने गावेच्या गावे बैलावाचून केली. देवीचा कोप समजून नवस होत, डागण्या होत, काढे होत; रोग आपल्या गतीने चाले. 1871 साली गुरांच्या साथीची चौकशी करणाऱ्या आयोगाचा अहवाल आला. 1886 साली मुंबईस पशुवैद्यक महाविद्यालय निघाले. 1889 साली पुण्यास जंतुशास्त्राची शाही प्रयोगशाळा सुरू झाली; रोगजंतू वस्तीपासून दूर असावेत म्हणून पुढे ती हिमालयात मुक्तेश्वरला हलविली. तेथे एडवर्ड्स या शास्त्रज्ञाने 1920 नंतरच्या दशकात बुळकांडीचे विष बकऱ्यांतून पुनःपुन्हा नेऊन सौम्य केले आणि त्याची लस बनविली. स्वातंत्र्यानंतर 1954 साली देशभर बुळकांडी-निर्मूलनाचा कार्यक्रम हाती घेतला गेला. गावोगाव टोचणारे लोक चालत, सायकलीने, बैलगाडीने फिरले. 1995 नंतर या देशात बुळकांडी दिसली नाही, आणि 2011 साली ती पृथ्वीवरून नाहीशी झाल्याचे जाहीर झाले. माणसाने समूळ नष्ट केलेले रोग दोनच : माणसांची देवी आणि गुरांची बुळकांडी. दुसऱ्या विजयात आपल्या कोठ्यांचाही वाटा आहे. हे काम कोणत्याही काढ्याने झाले नसते, हे छातीवर हात ठेवून कबूल केले पाहिजे.

परंतु विजयाचीही एक नशा असते. लशीने साथ हटविली, तेव्हा म्हातारीचा ओव्याचा डबाही निरुपयोगी, असे नव्या पिढीने परभारे ठरवून टाकले. साध्या अपचनाला सुई, साध्या जखमेला सुई. याच वर्ध्यात दुसरा विचार झाला होता, याचीही आठवण राहिली नाही. 1936 पासून गांधीजी सेवाग्रामास राहिले. जमनालाल बजाजांनी आयुष्याचे अखेरचे दिवस गोसेवेला वाहिले. गोसेवा संघाची उभारणी करीत असतानाच 11 फेब्रुवारी 1942 रोजी त्यांचा वर्ध्यात अंत झाला. गाईची पूजा पुरेशी नाही, तिचे दूध, तिचा चारा, तिचे आरोग्य यांचे शास्त्र पाहिजे, असा त्या चळवळीचा आग्रह होता. गांधीजींचे सहकारी सतीशचंद्र दासगुप्ता यांनी गाईवर इंग्रजीत दोन खंडांचा ग्रंथ लिहिला. तो 1945 साली निघाला आणि त्याचा दुसरा खंड गाईचे शरीर, रोग आणि उपचार यांनाच दिलेला आहे. विलायती विद्या आणि गावठी साधने यांचा मेळ घालण्याची ती वाट होती. आपण ती अर्ध्यावर सोडली.

सोडल्याचे परिणाम पुढे आले. गुरांच्या वेदनांवर सर्रास दिले जाणारे डायक्लोफिनॅक मेलेल्या जनावरांच्या मांसातून गिधाडांच्या पोटात गेले आणि देशातील गिधाडे जवळजवळ संपली; 2006 साली सरकारला जनावरांसाठी ते औषध बंद करावे लागले. कासदाहावर वारेमाप प्रतिजैविके टोचली तर त्यांचा अंश दुधात उतरतो. नव्या औषधालाही जाब विचारावा लागतो, तो असा.

म्हणूनच आता विद्यापीठे आणि राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ परंपरागत पशुवैद्यकाकडे पुन्हा पाहू लागली आहेत. कासदाहाचा त्यांनी प्रसारित केलेला लेप पाहा : कोरफड 250 ग्रॅम, हळद 50 ग्रॅम, चुना 15 ग्रॅम, वाटून, धुतलेल्या कासेला दिवसातून अनेकदा लावायचा. आजीच्या हातचीच द्रव्ये ही. फरक एवढाच, की आजी 'अंदाजाने घाल' म्हणे आणि येथे वजन आहे. वजन आले म्हणजे तुलना आली, तुलना आली म्हणजे खरे-खोटे ठरविता आले. 2022 साली लम्पी महाराष्ट्रभर पसरला तेव्हाही हेच दिसले. रोखण्यासाठी शेळ्यांच्या देवीची लस टोचली गेली. आणि पडलेल्या जनावराच्या गाठी व जखमा यांवर हळद, कडुनिंब, तेल यांचे लेप चालले. पाला आणि लस त्या वर्षी एकाच कोठ्यात आपापले काम करीत होती. त्या म्हाताऱ्या गायक्याने आखलेली वेस तीच होती.

आता घरात कुत्री-मांजरे पाळणाऱ्या मंडळींसाठी दोन शब्द, कारण मूळ विषय त्यांचा होता. 'झाडपाला आहे, अपाय काय होणार?' हा समज धोक्याचा आहे. कांदा नि लसूण माणसाला पथ्याचे. कुत्र्यामांजराच्या रक्तातील तांबड्या पेशी त्यांनी फुटतात. चिनी औषधांतील एका वनस्पतिकुळाने 1990 नंतरच्या दशकात बेल्जममध्ये अनेक स्त्रियांची मूत्रपिंडे निकामी केली. आपली ईश्वरी, जी सापाविंचवावर म्हणून रानातून आणतात, ती त्याच कुळातली आहे. चिनी म्हणून भुलू नये आणि आपली म्हणून आंधळेपणाने विश्वासू नये. मांजर म्हणजे लहान बैल नव्हे, आणि बैल म्हणजे मोठा माणूस नव्हे.

चीनने आपल्या पशुवैद्यकाचे काय केले? त्याला वहीत उतरविले, शाळेत बसविले, आणि म्हणून त्याच्यावर प्रश्नही येऊ दिले. आपण राजाच्या हत्तीची पोथी छापून जतन केली आणि बैलाची पोथी कधी लिहिलीच नाही. ती चालती-बोलती होती, आणि चालते-बोलते एक दिवस थांबते. ज्या म्हाताऱ्याने आमच्या बैलाच्या गळ्याला हात लावला, त्याच्याकडून आम्ही एक ओळही लिहून घेतली नाही. आमच्या घरी कागद होता, शाई होती, लिहिता येणारी चार माणसे होती. ही चूक आमची आहे, आणि ती वडनेरपुरतीच आहे असेही आम्हांस वाटत नाही.

तेव्हा आमची मागणी मोठी नाही. ट्रॅक्टर आले, दावणी रिकाम्या होत आहेत. जे सांगू शकतात असे चार-दोन जण अजून प्रत्येक गावात आहेत. शाळेतल्या मुलांनी या उन्हाळ्यात एक वही घ्यावी. दुखणे कोणते, पाला कोणता, किती, कसा, आणि शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा : हा पाला कधी चालत नाही. वही पशुवैद्याला दाखवावी. तो काही खोडील, काही राखील, काही तपासायला पाठवील. खोडलेल्या ओळीही जपून ठेवाव्यात.

सभामंडपाबाहेर पळसाची फुले झडून पापड्या लोंबत आहेत. त्या कोणत्या जंतावर, किती, आणि कोणत्या जनावराला देऊ नयेत, हे या सभेत बसलेल्यांपैकी कोणाला तरी ठाऊक असेल. आम्ही बोलायचे थांबतो ते त्याला बोलता यावे म्हणून. पावसाळ्याआधी टोचायला माणूस येईल, त्या दिवशी मात्र बैल गाडीला जुंपू नका.